मंगळवारचं काम्पोबास्सो

४ मार्च, मंगळवार

नाही जाणार! डोमनिका, हे आधी लिही. मोठ्या अक्षरात.

ही वही माझ्या मुलाने, निकांद्रोने, तोरिनोहून पाठवली. रोजचा रक्तदाब लिहायला. रक्तदाब: आहे. झालं! उरलेली पानं माझी. मी बोलणार, डोमनिका लिहिणार. ही रुमानियाची, माझ्यावर नजर ठेवायला त्यानेच ठेवलीय. मला अक्षर येत नाही, पण ओळीची लांबी कळते. मी हातभर बोलले आणि हिने वीतभर लिहिलं की पकडते.

तर कागदा, ऐक. सकाळी निकांद्रोचा फोन.

"आई, ते घर विकू या आता. इथे तोरिनोत दोघांना पुरेल असं काहीतरी बघू."

दोघांना? म्हटलं, बायकोला काय बाल्कनीत बांधणार? हसला नाही. तिकडे हसण्यावर कर असेल.

"आहे काय गं तिथे? अख्खी इटली म्हणते, आपला मोलिझे प्रांतच अस्तित्वात नाही."

"अस्तित्वात नाही? मग तुझं ढुंगण मी कुठे बसून धुतलं रे?"

तरी त्याचं चालूच. काम्पोबास्सो एका कॉफीत बघून होतं, मग माणूस नुसता विचारत बसतो — आता काय?

डोकं फिरलं माझं. म्हटलं, ये मग! एक दिवस माझ्याबरोबर फीर. सकाळच्या कॉफीपासून रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत. तेवढ्यात 'आता काय' हे शब्द निघाले तर घर वीक, मला तोरिनोला ने आणि कुंडीत लाव. नाही निघाले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

"कबूल," म्हणाला. "पण शब्द निघाले की खेळ संपला हं आई. मग रडारड नाही."

रडतंय कोण!

५ मार्च

राखेचा बुधवार, ईस्टरपर्यंतच्या उपासाची सुरुवात. पाद्रीबाबांनी कपाळाला राख फासली, म्हणाले, "लक्षात ठेव, तू माती आहेस."

म्हटलं, आहेच. पण इथली.

७ मार्च, शुक्रवार

डोमनिकाला युक्ती सुचली. "आजी, त्यांना जूनमध्ये बोलवा ना! मिरवणुकीला!"

खरंय तिचं. जूनमध्ये लोखंडी सांगाड्यांवर लेकरं देवदूत होऊन हवेत तरंगतात. गडी खांद्यावर सांगाडे घेऊन गल्ल्यांतून झुलवत नेतात. काळी तोंडं केलेले सैतान जिभा काढून बायकांना हाका मारतात — "ये गं पोरी, ये!" रोमची माणसंसुद्धा येतात त्या दिवशी. फोटो काढतात आणि बसने परत जातात.

नाही. सणाच्या दिवशी गाढवीणसुद्धा नवरी दिसते. मी त्याला मार्चमधला मंगळवार दाखवणार. वाऱ्याचा, बंद दारांचा, धुतल्या तोंडाचा. मंगळवारी जे आवडतं तेच खरं.

मी गेले तर डोमनिकाचं काम जाईल, हेही आहेच. हे लिहिताना पेन अडलं बघ तिचं!

९ मार्च, रविवार

एकोणीसला संत जोसेफचं जेवण. माझ्या सासूपासून या घरात आहे. तीन खुर्च्या मांडायच्या — मारिया, बाळ आणि जोसेफ. जोसेफच्या खुर्चीत ज्याला घर नाही असा पुरुष बसवायचा. तो पाव मोडतो, मग बाकीचे जेवतात.

मारिया डोमनिका होईल. नवऱ्याला सोडून आलेली मारिया, पण चालेल. बाळ म्हणून तळमजल्यावरची चिमुरडी. अडलंय जोसेफपाशी. दरवर्षी स्टेशनवरचा गाएतानो यायचा. आता त्याला नगरपालिकेने खोली दिली. विचारलं तर म्हणाला, "इन्कोरोनाताबाई, मी आता भाडेकरू आहे. त्या खुर्चीत बसणं बरं दिसणार नाही." तत्त्वाचा माणूस!

अख्ख्या गावात एक बेघर मिळेना. आणि म्हणे इथे काही नाही!

१० मार्च

आला. बसमधून उतरला तेव्हा मी आधी पेटी पाहिली, मग मुलगा. एका दिवसासाठी एवढी पेटी! तोरिनोची माणसं बुटांनाही बूट घालत असतील.

बारीक झालाय. पांढरा सदरा, आणि वरचं बटण काळ्या दोऱ्याने लावलेलं. त्या फ्याशनवाल्या सुनेला पांढरा दोरा मिळाला नाही होय? विचारलं. म्हणाला, "घाईत होतो, आई."

कावातेल्ली वळले होते, कणकेच्या छोट्या शिंपल्या. तीनदा घेतले. उपासाचे दिवस, पण त्याला कोण अडवणार.

११ मार्च, मंगळवार

डोमनिका, बोटं मोड. आज पुष्कळ आहे.

वारा असा की कुत्री भिंतीला धरून चालत होती. मी खूश! ऊन पडलं असतं तर सगळं श्रेय उन्हाला गेलं असतं.

आधी कोपऱ्यावरचा बार. क्विरीनो कप पुसत होता. "काय इन्कोरोनाताबाई, नवा नवरा?"

"जुना मुलगा."

त्याने चष्मा वर केला, निकांद्रोला न्याहाळलं. "अरे! माझा चेंडू घेऊन पळाला होतास तू!"

"क्विरीनो, पंचावन्न वर्षं झाली त्याला—"

"म्हणून काय झालं? चेंडू आण. कॉफीचे पैसे ठेव खिशात."

निकांद्रो कानापर्यंत लाल. पासष्टीला आलेला माणूस!

मग पार्दोचं दुकान. माझा नवरा पोलादाच्या कात्र्या करायचा, मुठीवर जाळीची नक्षी, अशी की हातातली लेस वाटावी. आता तिथे बांगलादेशचा एक भला माणूस मोबाइल दुरुस्त करतो. निकांद्रो बाहेरच थांबला, म्हणाला, "काय बघायचं आता त्यात?" 'आता' म्हणाला, 'काय'ही म्हणाला, पण उलटे म्हणाला! मोजलं नाही. मी प्रामाणिक बाई आहे.

दंडाला धरून आत नेलं. पार्दोची ऐरण तिथेच! दुकानदार म्हणाला, "आजी, ही हलतच नाही. मग मी तिच्यावरच फोन उघडतो. छान आहे, डगमगत नाही." निकांद्रोने तिच्यावर तळहात ठेवला. उचलायला बराच वेळ लावला. मी कव्हरं बघत बसले. गुलाबी एक चांगलं होतं.

मिरवणुकीचे सांगाडे ठेवतात तिथे गेलो, तर कुलूप. मंगळवार! निकांद्रोच्या ओठांवर यायलाच लागलं होतं, मला दिसत होतं, तेवढ्यात समोरची खिडकी उघडली. असुंतीना! नव्वदीची, पण आवाज तोफेचा.

"कोण गं ते? इन्कोरोनाता? आणि हा कोण लांब्या?"

"माझा निकांद्रो!"

"देवा! मुतऱ्या देवदूत?"

सगळी गल्ली खिडक्यांत आली. सात वर्षांचा असताना त्याला पंख लावून सांगाड्यावर टांगलं होतं. भर चौकात घाबरला आणि वरून सोडली धार. खाली असुंतीनाचा नवरा खांदा देत होता.

"बिचारा मरेपर्यंत सांगायचा," ही ओरडून सांगतेय, "बाप्तिस्मा दोनदा झालेला गावातला मी एकटाच! थांबा, जाऊ नका, खाली येते!"

आली सपाता फटफटत. हातात ताट, चिकोरीची भाजी आणि अंड्याची पोळी. पायरीवर बसून जेवलो. निकांद्रोला हसू आवरेना. हा हसतो, हे मी विसरलेच होते. मग असुंतीनाने विचारलं, "बायको नाही आणली?" तर एकदम घास मोठा झाला त्याचा. मान नुसती हलवली.

सांग कागदा, तोरिनोत त्याला मुतावरून कोण ओळखणार?

मग पायऱ्या. वर किल्ल्यापर्यंत. मी शेवटची कधी चढले, आठवत नाही. गुडघे शिव्या द्यायला लागले, मी त्यांना उलट दिल्या. जुन्या देवळापाशी निकांद्रो म्हणाला, "आई, पाठीवर घेतो, चल."

"माझी मिरवणूक जूनमध्ये काढ! आत्ता हात दे फक्त."

पोचलो. खाली सगळं गाव, धुराडी, वाळत घातलेल्या चादरी वाऱ्याने फुगलेल्या. पलीकडे डोंगरावर बर्फ. उजेड उतरत होता, पण दिवे लागले नव्हते. दगडावर टेकलो. तो बघत राहिला. मला वाटलं, आता म्हणेल. आता म्हणतोच! त्याने तोंड उघडलं.

"आई, वारा तोच आहे गं."

बस. एवढंच!

मला इतका आनंद झाला की भान राहिलं नाही. उतारावरच्या पायऱ्या दिसल्या, आणि गुडघ्यांनी विचारायला लावलं, "बाई गं! आता काय?"

तो माझ्याकडे बघायला लागला.

"आई. तू म्हणालीस."

"मी उतरायचं म्हणाले!"

"शब्द निघाले की खेळ संपला."

"तुझे शब्द! माझे नव्हे!"

"'तुझे' असं ठरलं नव्हतं!"

असे हसलो दोघंही की डोळे गळायला लागले. त्या वाऱ्यात सगळ्यांचेच गळतात. आणि खाली, एकेक करत, दिवे लागले.

हरले. लिही. मी खोटं लिहवत नाही. पण जाणार नाही, हेही लिही! नियम माझा, मोडायचाही मीच.

१२ मार्च

मी भांडायला तयार होऊन बसले. कमरेला एप्रन खोचला. तोरिनोचं नावही काढलं नाही त्याने. जिंकलेला माणूस इतका गप्प?

१४ मार्च

अजून आहे. म्हणतो, सुट्टी शिल्लक होती. खिडकीची फळी बसवली. डोमनिका म्हणते, त्यांचा फोन वाजतच नाही.

मी म्हटलं, बिघडला असेल. ऐरणीवर ने.

१६ मार्च, रविवार

त्याचा सदरा धुवायला मागितला. पार्दोच्या कात्रीने तो काळा दोरा कापला, बटण पांढऱ्याने लावलं. टाके बघितले. आडवेतिडवे, एकावर एक, जाड. हे बाईच्या हातचं नाही. घाईतलंही नाही. नीट बसून, जीव लावून घातलेले टाके, ज्याला येत नाही त्याने.

सदरा घडी घालून त्याच्या पेटीवर ठेवला.

१७ मार्च

जोसेफ अजून मिळालेला नाही. डोमनिका म्हणते, यंदा खुर्ची रिकामी ठेवू. अशी कशी रिकामी! सासू थडग्यातून येईल झाडू घेऊन.

१९ मार्च, संत जोसेफ

चण्याचं सूप, खारवलेला मासा, संत्र्याच्या फोडी, गोड सारणाच्या करंज्या. मारियाच्या खुर्चीत डोमनिका, बाळाच्या खुर्चीत चिमुरडी. निकांद्रोचं ताट माझ्या शेजारी मांडलं होतं.

तो स्वयंपाकघरातून पाव घेऊन आला. माझ्या शेजारी आला नाही. जोसेफच्या खुर्चीत बसला. तिथे कोण बसतं, त्याला पाळण्यापासून ठाऊक आहे.

बाल्कनीत बांधायला बायको उरलीच नव्हती. 'दोघांना पुरेल असं' — पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं त्याने.

पाव हातात धरून माझ्याकडे बघत होता.

"आता काय, आई?"

"आता मोड," म्हटलं. "सगळे खोळंबलेत."