मास्तरांच्या तोंडात आजोबा

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरलीये म्हणून मनातल्या मनात घातलाय, पण पूर्ण घातलाय.) तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा खोकला थांबला का? इकडे आई बरी, मांजर बरं, आणि आजोबा तर इतके बरे आहेत की तेच सांगायला बसलेय. शाळा सोडल्यापासून एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितेय, चुका पोटात घाल.

मी कवळीवाल्या काकांकडे कामाला लागले ते तुला माहितीच आहे. कवळ्या घासून गुळगुळीत करायचं काम माझं. (बरं काम आहे. दात उलटून काही विचारत नाहीत.) काकांचा एक नियम आहे, डबीवर नाव लिहायचं नाही. लोकांना कवळीची लाज वाटते, म्हणून नुसता रंगीत दोरा बांधायचा, आणि कोणाचा कुठला रंग ते काकांच्या डोक्यात. सोमवारी दोन डब्या द्यायच्या होत्या. एक आजोबांची, निळ्या दोऱ्याची. दुसरी मास्तरांची, हिरव्या दोऱ्याची. (तेच मास्तर, जे रिटायर झाल्यावरही शाळेत शिकवायला यायचे, ज्यांनी आठवीत मला धडा वाचायला उभं केलं आणि मी घंटा होईपर्यंत नुसती उभीच राहिले. दुसऱ्या दिवसापासून गेलेच नाही.) आता आमच्या ट्यूबलाइटखाली निळा आणि हिरवा सारखाच दिसतो. काकांना विचारायचं ना? पण ते फोनवर होते आणि मला मध्येच बोलायला कसंतरीच होतं. दिल्या अंदाजाने.

हे दात एवढे महत्त्वाचे का, तर ऐक. आरोग्य समिती म्हाताऱ्यांना फुकट कवळी देते, पण यंदा ठराव आला की ऐंशीच्या पुढे कोणाला द्यायची नाही, आणि त्यावर सभा बोलावली. आजोबा ब्याऐंशी. त्यांची तयार होती, काकांनी सभेपुरती वापरायला दिली, पण ठराव झाला तर परत. (एकाच्या मापाचे दात दुसऱ्याच्या काय कामाचे, हे समितीला कोण सांगणार.) खायचं काही अडत नाही गं, ते हिरड्यांनी काहीही चिरडतात. पण तीन वर्षं त्यांचं बोलणं कोणाला कळत नव्हतं. "काय? काय?" करून माणसं कंटाळली, मग काही विचारेनाशी झाली, मग आजोबाच बोलेनासे झाले. कोपऱ्यात बसून नुसते बघायचे.

सभा वाचनालयाच्या हॉलमध्ये होती. ठरावाच्या बाजूने मास्तर. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, की मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर नाही आणि आपण पिकल्या पानांना दात कसले लावतोय. पण दर तिसऱ्या शब्दाला त्यांचे वरचे दात शटरसारखे धाडकन खाली यायचे. आजोबांना तर तोंडच मिटेना. त्यांना वाटलं, नवीन चप्पल चावते तसे नवे दात चावत असतील. मी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, पण दातांकडे बघते. आणि आजोबांच्या तोंडातले ते रुंद दात मी चार दिवस घासले होते. ते मास्तरांचे होते.

गप्प राहिले असते तर आजोबा एक शब्द न बोलता हरले असते. उभी राहिले. सगळा हॉल मागे वळला. मास्तरही थांबले, आणि मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या तोंडात आमचे आजोबा आहेत."

(मधला "दात" की काय तो शब्द कुठे गेला, देव जाणे.)

लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. दोघं बाहेर नळावर गेले, दात धुऊन बदलून आले. मग समितीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मास्तर, तुमचं वय? मास्तर खरं बोलणारा माणूस. म्हणाले, एकोणऐंशी वर्षं दहा महिने, म्हणून तर घाईने अर्ज केला. पुन्हा हशा. मग आजोबा उठले. तीन वर्षांनी त्यांचा एकेक शब्द सुटा सुटा ऐकू आला. "मास्तर, मुलांना डॉक्टर पाहिजेच. मी पण सही करतो. पण आमचे दात काढले म्हणजे तो येणार आहे का? आधी ते लिहून द्या. आणि अजून दोन महिन्यांनी तुमच्यात असं काय कमी होणार आहे, तेही सांगा."

मग हात वर करायला सांगितले तेव्हा ठरावाच्या विरुद्ध पहिला हात मास्तरांचा होता, आणि ठराव पडला. जाताना मला म्हणाले, "आठवीतला धडा आज वाचलास हो." मी जमिनीकडे बघितलं, पण हसून.

सगळ्यांना नमस्कार.

तुझी भाची

ता.क. खरं काम हे की आजोबांना पंधरा दिवस तुझ्याकडे घेऊन जा. तीन वर्षांचं साठलेलं बोलतायत. आईने कानात कापूस घातलाय. मांजर शेजारी राहायला गेलं.

ता.क. २. जमलं तर मास्तरांनाही ने. रोज सकाळी भांडायला येतात, चहा पिऊन जातात.

ता.क. ३. पंधरा नको, चारच दिवस ने. मी कामावरून आले की "आज कोणाचे दात केलेस गं?" असं घरात दुसरं कोणी विचारत नाही.