थर्मोस्टॅट म्हणतो, घरात कुणी नाही

स्ट्रुअन,

मी जेसीमावशीकडे चालले आहे. तिची कोळशाची शेगडी माणसांसाठी पेटते, फोनसाठी नाही.

तुझ्या बाबांनी बसवलेलं हीटरचं गोल बटण तू भिंतीवरून उखडलंस आणि तिथे ते काचेचं थोबाड लावलंस. वर मला म्हणालास, "आई, तू हात लावू नकोस, घर किती तापवायचं ते हे यंत्र आपलं आपण बघेल." बघतंय हो छान! तुझा फोन दाराबाहेर पडला, की त्याला वाटतं घर रिकामं झालं, आणि ते हीटर बंद करतं. माझ्याकडे तसला फोन नाही, म्हणजे मी घरातच नाही! एबर्डीनच्या या वाऱ्यात मी कोट घालून ओटची लापशी खाते. काल तुला सांगितलं, तर म्हणालास, "स्वेटर घाल." तीन घातलेत, गधड्या!

सूप पातेल्यात आहे, गरम करून घे. बाबांचं ते बटण कचऱ्याच्या डब्यातून काढून मी पर्समध्ये टाकलंय. मांजरही नेतेय, तिच्याकडेही फोन नाही.

आत्ता त्या काचेवर अक्षरं उमटली आहेत: 'घरात कुणी नाही.'

मी दार ओढून घेतलं, की मेलं पहिल्यांदाच खरं बोलेल.

आई