आमचे चित्रकार नाना

२ तारीख, सोमवार

आलो एकदाचा! शिंप्याच्या दुकानावरची खोली आहे. खिडकी रस्त्याकडे, टेबल खिडकीशी, दार समोरच्या भिंतीत. पंखा कुरकुरतो, पण मीही कुरकुरतोच, जमेल आमचं. नवी नोकरी पुढच्या महिन्यात. तोवर मी आणि माझा गेम. ताईने फोनवर विचारलं की चाळिशीला आलेल्या माणसाने गेम खेळत बसायचं म्हणजे काय. मी म्हटलं, खेळत नाही, बनवतोय. ते तर आणखी वाईट, म्हणाली.

बंद पडलेलं हॉटेल, हरवलेल्या भावाला शोधणारी बाई, खोल्याखोल्यांतून वस्तू धुंडाळायच्या, कोडी सोडवायची. गोष्ट तयार आहे. चित्रं, प्रोग्रॅम, संगीत काहीच नाही. थोडक्यात लग्न ठरलंय, फक्त नवरी मिळायची आहे.

५ तारीख, गुरुवार

हौशी गेमवाल्यांच्या साइटवर जाहिरात टाकली होती: हौसेने काम करणारे हवेत, पैसे नाहीत, श्रेयनामावलीत नाव. कुणी फिरकलं नाही. कारण उघड आहे, रिकाम्या हॉटेलात कुणी जेवायला शिरत नाही. म्हणून आज जाहिरात बदलली. ‘चित्रकार आहेत’ असं ठोकून दिलं. नुसतं ठोकून भागेना, म्हणून त्यांना नाना म्हटलं. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता निवृत्त, स्वभावाने अबोल, हात सोन्याचा. टीमच्या सामायिक फोल्डरमध्ये त्यांचं खातंही उघडलं. पासवर्ड अर्थात माझ्याकडे.

थोडी लाज वाटली. चहा घेतल्यावर गेली.

१० तारीख, मंगळवार

दोघं आली! एक मास्तरीण, शाळेत गणित शिकवते आणि फावल्या वेळात प्रोग्रॅम लिहिते. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे शाळा सोडून कुठे जाणं नाही, हाच काय तो विरंगुळा, असं तिने लिहिलं. दुसरा दातांचा डॉक्टर, संगीत करतो. खरं नाव, गाव, पत्ता कुणी कुणाला विचारत नाही, आमच्यात तशी रीतच आहे. दोघांनीही एकच लिहिलं: नानांसारखा अनुभवी माणूस आहे म्हणून आलो. मी ‘नानांना कळवतो’ असं उत्तर दिलं. बोटं कशी अडखळली नाहीत कोण जाणे.

१४ तारीख, शनिवार

मास्तरीण खूश. नानांनी हॉटेलच्या दिवाणखान्याचं चित्र पाठवलं म्हणे.

फोल्डर उघडला. चित्र खरंच होतं. झिजलेला गालिचा, काउंटरवरची घंटा, सगळं माझ्या गोष्टीतल्यासारखं, माझ्या कल्पनेपेक्षा सरस. चालवाटसुद्धा रंगवलेली. पात्राने चित्रात कुठे चालायचं तेवढी जमीन निळी रंगवतात, तिला आम्ही चालवाट म्हणतो. निळा रंग दारापर्यंत नेला नाही, तर पात्र दारापर्यंत जात नाही. जागच्या जागी पाय हलवत राहतं.

डॉक्टरने थट्टा केली असणार. पण विचारू कसा? विचारायचं तर नाना नाहीत हे आधी सांगावं लागेल. मुकाट्याने पासवर्ड बदलला आणि लिहिलं: वा, नाना!

१९ तारीख, गुरुवार

पासवर्ड बदलूनही चित्रं येताहेत. आजचं हॉटेलचं नाही. दवाखान्यामागची छोटी खोली, कपाट, कीबोर्ड. डॉक्टर थक्क झाला, ही त्याचीच खोली. नानांना कसं कळलं, असं दोघांनी मला विचारलं. मी लिहिलं की मीच वर्णन केलं होतं. डॉक्टर म्हणाला, मी तर कधी सांगितलं नव्हतं. मग स्वतःच म्हणाला की सांगितलं असेल. भला माणूस. मास्तरणीने खोली लगेच गेममध्ये बसवली.

लाज वाटते. आज चहा घेऊनही गेली नाही.

२३ तारीख, सोमवार

डॉक्टरच्या खात्यावरून त्याच्या बायकोने लिहिलं. तो शनिवारपासून मागच्या खोलीत कपाटाशी उभा आहे. दारापर्यंत येता येत नाही म्हणतो. शेजारच्या दोघांनी ओढून पाहिलं. पाय चालतात, माणूस हलत नाही. तुमच्या कामाचा ताण होता का, असं तिने विचारलं.

चित्र उघडून पाहिलं. निळा रंग कपाटाशी संपतो.

मी तिला लिहिलं, ताण नव्हता, काळजी घ्या. काळजी घ्या! मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

२४ तारीख, मंगळवार

मास्तरणीचं स्वयंपाकघर आलं. ओटा, खिडकीतली कुंडी, पलीकडच्या खोलीचं अर्धवट उघडं दार, त्यातून दिसणारा आईच्या पलंगाचा पाय. ती हरखून गेली आहे. तुम्हीच फोटो मिळवून दिला असेल ना, म्हणते.

निळा रंग ओट्यापाशीच संपतो.

सांगायलाच हवं. नाना नाहीत, मी थाप मारली, ते चित्र बसवू नका, एवढंच लिहायचं आहे. चारदा लिहिलं. चारदा पुसलं. तिला वाटेल हा असला माणूस, आणि याच्यासाठी मी शाळेतून आल्यावर तासन्‌तास—

शेवटी लिहिलं, हो, फोटो मीच दिला. उद्या नीट सांगेन. निदान उद्यापर्यंत बसवू नका, एवढं तरी लिहायचं होतं. नाही लिहिलं.

२५ तारीख, बुधवार

सकाळी तिचा निरोप आला होता. मी दुपारी पाहिला. तिने लिहिलं होतं: चित्र बसवलं. आता ओट्यापासून पुढे जाता येत नाही, हसू नका. आई पाणी मागते आहे. शेजारणीला फोन करून काय सांगू? नानांना म्हणावं तेवढा निळा रंग दारापर्यंत न्या.

मी लिहिलं: विचारतो.

विचारतो, असं लिहिलं मी. तेव्हासुद्धा.

मग मीच रंग दारापर्यंत नेला, फाइल ठेवली. क्षणात पूर्ववत. पुन्हा नेला. पुन्हा तेच. मग तिला लिहिलं, नाना नाहीत, कधीच नव्हते, शेजारणीला फोन करा, पत्ता द्या, मी माणसं पाठवतो.

तिने पाहिलंच नाही. मला तिचं नाव माहीत नाही. गाव माहीत नाही. पोलिसांना फोन केला. कोण, कुठे, असं विचारल्यावर ठेवून दिला. काय सांगणार—

२६

उत्तर नाही. आईला पाणी कुणी दिलं असेल का. डॉक्टरच्या बायकोचंही काही नाही.

फोल्डरमध्ये नवं चित्र. शिंप्याच्या दुकानावरची खोली.

आता ते बसवायला मास्तरीण नाही. हे मनात आलं आणि बरं वाटलं. बरं वाटलं मला! आणि गेम उघडून पाहिला, तर खोली बसवलेली होती. तिच्या नावाने.

२७

निळा रंग टेबलाभोवतीच. पाय उचलतो, ठेवतो, तिथेच—

फोन दाराजवळ चार्जिंगला. शिंपी वर आला, दार वाजवलं, बरं आहे ना म्हणाला. कडी आतून. ओरडायला तोंड उघडलं. काय सांगू त्याला, दारापर्यंत येता येत नाही? का येत नाही? मग सगळंच—

झोपलोय म्हटलं. तो गेला. कॉम्प्युटरवर ताईचा निरोप होता. मजेत आहे, असं लिहिलं.

?

जाहिरात पुन्हा वर आली आहे. मी टाकलेली नाही. संयोजक आहे, चित्रकार आहेत, प्रोग्रामर आहे, संगीतकार आहे. आणखी माणसं हवीत.

एकीने विचारलंय. नवीन आहे, आजवर कुणी कुठे घेतलं नाही म्हणते. नाना खरंच शिकवतील का मला?

नको येऊस, एवढंच लिहायचं. दोन शब्द. ती विचारेल का. मग मास्तरीण. मग आई, पाणी—

थांबली आहे उत्तरासाठी.

‘हो’ लिहिलं मी. गेलं. पुसायला—