पांढरे रूळ

प्रिय टॅमसिन,

मंगळवारी दुपारी तुझी गाडी माझ्यासमोरून गेली, त्या क्षणी मी कॉलेज अर्ध्यावर सोडल्याची लाज बाळगणं सोडलं.

पारा चाळिशीला टेकला होता. अशा उन्हात रूळ वाकतात, म्हणून आमची टोळी सकाळपासून त्यांना पांढरा रंग फासत होती. मुकादम विल्फच्या बापाने याच रुळांवरून जन्मभर बर्फ खरवडला. ऊन अडवायचं काम आमच्या वाट्याला आलं.

"पोरा, वळणावरचा तुकडा राहू दे की," विल्फ हसला. "रूळ वाकला की गाडी रद्द! मग कशी जाते तुझी राणी ॲबर्डीनला शिकायला?"

"तोंड आवर, विल्फ!" मी बादलीच आपटली. खरं सांगतो, क्षणभर मोह झाला. मग तोच तुकडा मी दोनदा रंगवला.

तू खिडकीत होतीस, डोकं पुस्तकात. गाडी सावकाश गेली, पण गेली.

"गेली रे तुझी!" विल्फ म्हणाला.

"माझ्या रुळांवरून गेली," मी म्हणालो.

हे पत्र पाठवणार नाही. तुला ते आर्जव वाटेल, आणि आर्जव मी करत नाही. आज पुन्हा तसंच ऊन आहे. विल्फ खाली हॉर्न वाजवतोय. दार ओढून घेतो आणि कामावर निघतो.

तुझी गाडी सुखरूप धाडणारा,
जेथ्रो