गुणवाडी डॉट इन

अहमदपूर,
१४ जुलै २०१९

चि. विरूपाक्ष यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, तुझं कसं चाललंय ते कळव. कळव म्हणजे खरंच कळव. माझा फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढं काहीच येत नाही. कागदाला खुणा येत नाहीत, तेवढाच जिवाला ताप कमी, म्हणून पत्र लिहायला बसले. मराठीच्या बाईचं पत्र आहे, लांब होणार. हसू नको.

अप्पांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. लातूरला नेलं होतं, आता माझ्याकडेच आहेत. काळा चष्मा लावून ओट्यावर बसतात आणि गल्लीतल्या पोरांना पाढे विचारून बेजार करतात. पोरं आता मागच्या गल्लीनं शाळेत जाऊन राहिलीत. गावाकडच्या वसाहतीत त्यांना एकट्याला सोडायला माझा जीव होत नाही, आणि त्यांना घराला कुलूप बघवत नाही. रोज एकदा त्यावरून आमचं वाजतं.

तू नवी गाडी घेतलीस म्हणे. ह्यांच्या ऑफिसातल्या एकानं नांदेडला पाहिली. चांगलं झालं. तुझा तो नावांचा धंदा मला अजून नीट कळलेला नाही, पण लोक प्लॉट घेऊन ठेवतात तशी तू इंटरनेटवरची नावं घेऊन ठेवतोस आणि कुणाला गरज पडली की विकतोस, एवढं मी सगळ्यांना ठासून सांगते. लोह्याच्या आत्याला पटत नाही. नाव काय विकायची चीज आहे का, म्हणते. मी तुझ्या बाजूनं भांडते. लातूरला दोन वर्षं क्लास लावूनही तुझा मेडिकलला नंबर लागला नाही, तेव्हा हेच लोक तुला नावं ठेवत होते. आता तू नावंच विकून गाडी घेतलीस, घ्या म्हणावं.

बरं, कामाचं लिहिते. आपल्या गावाचं पान उघडलं की काहीतरी भलतंच येतंय.

तुला माहीत आहे, अप्पा सकाळचा चहा झाला की फोनवर गुणवाडी डॉट इन उघडतात. कॉलेजात असताना तू ते करून दिलंस त्या दिवसापासून त्यांचा हा नेम आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात आपल्या घरात एकही फोटो वाचला नव्हता, कुणाच्याच घरात नव्हता. अप्पांनी किती वर्षं पायपीट केली. या गावचा मामा, त्या गावची मावशी, कुणाच्या लग्नाचा अल्बम, कुणाचा शाळेतला ग्रुप फोटो, असं करत गेलेल्या सगळ्यांचे चेहरे जमवले. आईचा, आपल्या अव्वाचा फोटो लोह्याच्या आत्याच्या लग्नातला. मागच्या रांगेत उभी होती, तू तेवढीच कापून घेतली होतीस. अप्पा रोज सगळ्यांवरून बोट फिरवत शेवटी अव्वापाशी येतात, थोडं थांबतात आणि मग आंघोळीला उठतात.

पट्टी काढली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन मागितला. बराच वेळ बघत बसले. मग मला हाक मारली. म्हणाले, "शिल्पा, विरूनं फोटो बदलले का गं? ही पोरं कुणाची? आणि खाली वय टाकलंय बघ, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव. आपल्या गावात एवढ्या वयाचं कुणी गेलं नाही."

मी बघितलं तर लातूरच्या कुठल्याशा क्लासची जाहिरात. बारावीला पास झालेली पोरं, तशाच रांगा, तेवढेच चौकोन, खाली फिजिक्सचे मार्क. मला आधी हसू आलं रे. मग लई वाईट वाटलं.

तू त्यांना फोनवर सर्व्हर डाऊन आहे म्हणालास. तेव्हापासून रोज विचारतात, सर्व्हरला बरं वाटलं का. तीस सप्टेंबरला भूकंपाचा स्मृतिदिन, त्याच्या आत एवढं नीट करून दे. स्मृतिस्तंभाच्या चौथऱ्यावर अप्पांनी पेंटरकडून पानाचं तेच नाव लिहून घेतलंय, पुण्या-सोलापूरहून येणारे तिथं उभं राहून फोनवर बघतात. नव्या वसाहतीला सरकारनं दुसरंच नाव दिलं. गुणवाडी म्हणून आता तेवढीच जागा राहिली आहे.

जेवण वेळेवर कर. गाडी सावकाश चालव.

तुझी,
अक्का


अहमदपूर,
२५ ऑगस्ट २०१९

चि. विरूपाक्ष यास,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला. नाव रिन्यू करायचं राहून गेलं आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी घेतलं, असं तू लिहिलंस. राहून जातं. माझंही शाळेचं काय काय राहून जातं.

अप्पांची तब्येत बरी आहे. दोन्ही डोळ्यांनी आता स्वच्छ दिसतं, त्यामुळं माझ्या वह्या तपासण्यातल्या चुका काढतात. पाऊस इकडं नावाला. चाकूरच्या पुढं तर सोयाबीन वाळून गेलंय म्हणतात.

मी मागच्या रविवारी लातूरला जाऊन आले. ह्यांना सांगितलं वह्यांचे गठ्ठे आणायचेत. त्या क्लासवर गेले होते. मनात म्हटलं, माणूस असेल तर समजून घेईल, नाव परत देईल. चांगली चार मजली इमारत आहे. वर केवढी तरी पाटी, 'गुणवाढी अकॅडमी', आणि खाली इंग्रजीत आपल्या गावाचं नाव. जिन्यात पोरांच्या चपलांचा ढीग. तू याच रस्त्यावर दोन वर्षं काढलीस ते आठवलं. तुझा डबा घेऊन मी एसटीनं यायचे आणि तू खाली येऊन न बोलता डबा घेऊन वर जायचास.

मालक नरसिंग सर म्हणून आहेत. वाईट माणूस नाही. चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं. त्यांना या नावाचं गाव होतं हेच माहीत नव्हतं. म्हणाले, "मॅडम, मी ते गुणवाढी वाचलं. मार्क वाढतात ते. इंग्रजीत आपल्याकडं ढ ला एच कोण लावतो?"

विरू, मी पंधरा-सोळा वर्षं पोरांना ड आणि ढ शिकवत आले. घोडा लिहिताना घोढा लिहिला म्हणून पट्ट्या मारल्या. आणि आपलं अख्खं गाव एका एचच्या फटीतून गेलं.

ते नाव परत देऊ शकत नाहीत. पोरांच्या बॅगांवर छापलंय, रिक्षांच्या मागं लागलंय, गावोगावच्या भिंती रंगवल्यात. पानाच्या तळाशी गावाची एक ओळ टाकतो म्हणाले. मी नको म्हटलं. टॉपरांच्या पायाशी आपली माणसं कशाला.

विकणारा नांदेडचा होता म्हणे. नाव मी विचारलं नाही.

अप्पांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांनी सर्व्हरचं विचारणंही सोडलंय. सकाळी चहा झाला की फोन हातात घेतात आणि तसाच खाली ठेवतात. तीस तारखेला तू गावाकडं येशीलच. गाडी आहे आता, अप्पांना आणि मला अहमदपूरहून घेऊन चल. एसटीत त्यांना धक्के सोसत नाहीत.

काही बोलायचं असेल तर बोल. माझ्याजवळ बोल. उशीर झाला तरी चालेल.

तुझी वाट बघणारी,
अक्का


अहमदपूर,
३ ऑक्टोबर २०१९

विरूपाक्ष,

तू आला नाहीस. आदल्या दिवशी तुझा मेसेज आला, अक्का टेन्शन घेऊ नको, फोटो सगळे माझ्याकडं आहेत, याच्यापेक्षा भारी नाव घेऊन देतो. भारी नाव. तो वाचून मी फोन पिठाच्या डब्यात टाकला होता, ह्यांनी काढला.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. विकणाऱ्याचं नाव विचारलं नाही हे खरं, पण नरसिंग सरांनी ते न विचारता सांगितलं. फोन तुझाच आला होता. सर, तुमच्या क्लासला फिट बसेल असं एक नाव माझ्याजवळ आहे, त्याचा अर्थ गुणवाढी असा होतो, हे तूच त्यांना समजावून सांगितलंस. मी तिथं त्यांच्यासमोर तुझी बहीण आहे हे बोलले नाही. पदर सावरला, चहा संपवला आणि उठले. पत्रात लिहिलं नाही, कारण तू आपणहून सांगशील असं मला वाटत होतं. महिनाभर मी पोस्टमनची वाट बघितली, या वयात.

आता गावाकडं काय झालं ते ऐक.

एसटीनंच गेलो. स्तंभापाशी नेहमीसारखी माणसं जमली होती. दरवर्षी अप्पा सगळ्यांची नावं मोठ्यानं घेतात, कागद न बघता, जुन्या गावातल्या घरांच्या ओळीनं, वेशीपासून सुरू करून. नावं सुरू व्हायच्या आधीच साखराबाई पुढं आल्या. तू त्यांना ओळखतोस, उमाकांतची आई. उमाकांतचा एकच फोटो होता, सातवीच्या ग्रुपमधला, भूकंपानंतर बाहेरगावच्या नातेवाइकांकडून त्यांनी मिळवलेला, आणि तो द्यायला त्या तयार नव्हत्या. अप्पांनी चार खेपा घालून, माझ्या जबाबदारीवर द्या म्हणून आणला होता. नातवानं त्यांना सकाळी फोनवर पान उघडून दाखवलं होतं. सगळ्यांच्या देखत त्यांनी अप्पांना विचारलं, "मास्तर, माझ्या लेकराच्या जागी ही हसणारी पोरं कुणी बसवली?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाले, "मी विकलं ते, साखराबाई. पैशाची गरज होती."

मला वाटलं माझ्या कानाची चूक झाली. ज्या माणसानं जनगणनेच्या कामात कुणाचं वय एका वर्षानं इकडंतिकडं लिहिलं नाही, तो माणूस भर गावात उभं राहून खोटं बोलला. त्यांना कधीपासून माहीत होतं, कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. कुणीच सांगितलं नसेल. तुझ्या आवाजावरून कळलं असेल.

आणि मी तिथंच उभी होते, विरू. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. तू वाचावास म्हणून गप्प बसले की चारचौघांत आपलीच इज्जत जाईल म्हणून, हे माझं मलाच कळत नाही. त्या घटकेची मला आयुष्यभर लाज वाटत राहील. तुझ्या वाटचं मी लिहिलंच आहे, हे माझ्या वाटचं.

साखराबाई आरडाओरडा करतील असं सगळ्यांना वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "मग माझ्या उमाकांतचं नाव तुम्ही घेऊ नका." एवढं बोलून मागं जाऊन बसल्या.

अप्पांनी नावं घ्यायला सुरुवात केली. वेशीपासून. मारुतीच्या देवळामागची घरं झाली, आडाजवळची झाली. साखराबाईंच्या घरापाशी आल्यावर अप्पा थांबले. ओठ हलले, पण आवाज काढला नाही. मग पुढच्या घरावर गेले. आपल्या घरापाशी आले तेव्हा अव्वाचं नाव अर्धंच घेतलं. गंगम्मा, एवढंच म्हणाले, आडनावासकट म्हणता आलं नाही. नंतर दरवर्षीसारखं चहाला आपल्या घरी कुणी आलं नाही. मी पातेलंभर चहा केला होता, तो तसाच राहिला.

परत येताना एसटीत मी रडले, तुला शिव्या घातल्या. अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. औसा मागं पडल्यावर बोलले. "त्याला काही बोलू नको शिल्पा. मला गंगम्मा डोळे मिटले तरी दिसते, तुलाही दिसते. तो तीन वर्षांचा होता. त्याच्यापाशी आईचं तेवढंच होतं, आणि तेच त्यानं विकलं. त्याच्याएवढं नुकसान कुणाचं झालं नाही."

त्यांनी नको सांगितलं तरी मी लिहितेय. माझं मन अप्पांएवढं मोठं नाही. मला तुझी कीव येत नाही, मला तुझा राग येतो, आणि राग येतो म्हणूनच वाटतं की तू अजून माझा कुणीतरी आहेस. तूही नाव कमवावंस म्हणून मीच तुझ्या मागं लागले होते, डबे घेऊन. ते असं कमवायचं असतं हे मी कुठं शिकवलं, याचाच विचार करत बसते.

नवं नाव घेऊ नकोस. फोटो कुठं टाकायचे ते नंतर बघू, ते गाव ठरवेल. तू फक्त ये. मला भेटायला नको, अप्पांच्या पायाही पडायला नको, ते तुला पडू देणार नाहीत. सरळ गावाकडं जा. साखराबाई दुपारच्या घरीच असतात. दारात उभा राहा आणि विकणारा मी, मास्तर नाही, एवढं त्यांना तुझ्या तोंडानं सांग. त्या काय बोलतील ते ऐकून घे. अप्पा आता थकलेत. पुढच्या तीस सप्टेंबरला त्यांना उमाकांतचं नाव घेता आलं पाहिजे, मला बाकी काही नको.

पत्राच्या शेवटी मोठ्यांनी आशीर्वाद लिहायचे असतात. अप्पा समोर बसलेत, कुणाला लिहितेयस हे त्यांनी विचारलं नाही, फक्त माझे आशीर्वाद लिही म्हणाले. म्हणून त्यांचे लिहिते. माझे, तू साखराबाईंच्या दारातून परत आल्यावर.

शिल्पा