फुगऱ्याचं बारसं

आक्का, आपल्या विहिरीतून निघालेल्या दगडाचं बारसं ठरलंय, आणि ते तुला सांगताना मला लाज वाटतेय. निपाणीजवळच्या रानात ती विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत पांढरे खडे निघाले होते. ते तू पदरात घालून आणलेस आणि तांदळाच्या डब्याशेजारी मांडलेस. त्यातला एक मी चुलीतल्या विस्तवात टाकला. तो तडतडला, त्याचे पापुद्रे सुटले, भाकरीवर राख उडाली. तू उलथनं उगारून म्हणालीस, "चूल म्हंजे काय तुझी शाळा हाय व्हय गं?" मग स्वतःच वाकून बघितलंस. "कसा फुगून बसलाय बघ. फुगऱ्याच हाय की ह्यो." तेव्हापासून घरात त्याचं नाव फुगऱ्या. पुढे कॉलेजात कळलं की या खनिजांच्या कुळाचं शास्त्रीय नावही असंच पडलंय. कुणीतरी खडा तापवला, तो फसफसला, म्हणून ग्रीक भाषेत ‘उकळणारा दगड’. तुझी चुलीपुढची गोष्ट मी वर्गात ऐटीत सांगितली. फुगऱ्या हे नाव मात्र मीच ठेवलं असं सांगितलं.

कॉलेजला जाताना तू एक मोठा खडा माझ्या पेटीत कपड्यांत गुंडाळून ठेवला होतास. तो इतकी वर्षं माझ्या टेबलावर कागद दाबून बसला होता. यंदा प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकाऱ्यानं त्याच्या फटीतल्या केसाएवढ्या सुया तपासल्या, तर ते खनिज आजवर कुठेच नोंदलेलं नव्हतं. अशा नव्या खनिजाला सापडलेल्या गावाचं नाव देतात, अंगच्या गुणाचं देतात, नाहीतर माणसाचं. शोधणाऱ्यानं स्वतःचं द्यायचं नसतं, आणि जिवंत माणसाचं द्यायचं तर त्याची संमती लागते. सहकाऱ्यानं माझं नाव सुचवलं. मग सहज विचारलं, दगड सापडला कुणाला? आक्काला, माझ्या आईला, म्हटलं. तो म्हणाला, "मग आईचंच नाव देऊ या की." मी घाईघाईनं त्याला समजावलं की आईला नावं दोन, एक माहेरचं आणि एक लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं, त्यातलं खरं कुठलं म्हणायचं, उगाच घोळ होईल. त्याला पटलं. आज दुपारी मी माझंच नाव द्यायला संमती पाठवून दिली.

घोळ कसला, आक्का. सगळं गाव तुला आक्का म्हणायचं, बोरगावची मावशीसुद्धा, म्हणून मी कधी विचारलंच नाही. जगातल्या कितीतरी दगडांची नावं कशी पडली ते मला पाठ आहे आणि तुझं माहेरचं नाव मला माहीत नाही. तू गेलीस, पण मावशी अजून आहे. फोन केला असता तर तिनं लगेच सांगितलं असतं. पण नाव एकदा कळलं असतं तर माझ्या हातून संमती गेली नसती, म्हणून मी फोन केला नाही.