अठ्ठ्याहत्तर भोकं

आत्या,

झालं ते असं.

१. मे महिन्यात देवपूरच्या घरी कूलरची नळी गळली. तुझी पत्र्याची पेटी खालीच होती. टॅरोचे पत्ते भिजून एकमेकांना चिकटले.

२. तुझ्या भावाने, म्हणजे आबांनी, तो गठ्ठा जळगावला माझ्याकडे आणून दिला. जुने कागद दुरुस्त करणं हे माझं काम आहे.

३. जामनेरच्या स्थळाला रविवारी उत्तर द्यायचं आहे. मला ते स्थळ नको आहे.

४. उत्तर पत्ते देणार आहेत.

मी पत्त्यांना दमट हवा देऊन ते सोडवले, टिपकागदात दाबून वाळवले, फाटलेल्या कडांना गव्हाच्या खळीने पातळ कागद लावला. प्रत्येक पत्त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात सुईएवढं भोक होतं. कधीतरी दोऱ्यात ओवले असतील, असं मी नोंदवहीत लिहिलं आणि एकेक भोक कागदाच्या लगद्याने भरत गेले. शेवटचा पत्ता पालथा पडला होता. पाठीची नक्षी दोन्हीकडून सारखी. भरण्याआधी बोट कोपऱ्यावरून फिरलं आणि न उलटताच कळलं, चित्राचं डोकं कुठे आणि पाय कुठे. तोवर सत्त्याहत्तर भरून झाली होती. मग तेही भरलं.

माझी बारावी झालेली. तू स्वयंपाकघरात पाटावर बसली आहेस, आबा दाराला टेकून उभे. तू पत्ते पिसतेस. मी वाकून बघते तर म्हणतेस, "मागं सरक. ज्याचा प्रश्न त्यानं हात लावायचा नसतो." सुलटा म्हणजे हो, उलटा म्हणजे नाही, एवढाच टॅरो आपल्या घराला माहीत. पत्ता सुलटा आला. आबा म्हणाले, "धाडी दे मंग." मी पुण्याला शिकायला गेले. त्याच वर्षी दिवाळीआधी तू वारलीस.

परवा आई फोनवर म्हणाली, "पत्त्यांनी सांगितलं तेव्हा पुण्याला गेलीस ना? मग आता जामनेरला जायला काय झालं? आणि हात न लावायचा नियम राहू दे, तूच नीट केलेत, तर तूच काढ." मी म्हटलं, मला नको आहे. आबांनी फोन घेतला. "तुन्हं नको नि मन्हं हो, त्याना काय उपेग? पत्ता काय म्हनस ते दखू. बठ्ठा पत्ता शेतस ना?"

"शेतस, सगळे आहेत," मी म्हटलं.

लगदा ओल्या बोळ्याने निघतो. पुन्हा काढता येईल तेच लावायचं, हा आमच्या कामाचा नियम आहे. तेव्हा भोकं मोकळी करणं अवघड नाही. पण मग पुण्याचा पत्ताही आपोआप सुलटा आला नव्हता, हे मानावं लागेल. आणि तुलाही आबांना नुसतं तोंडाने "पाठव" म्हणता आलं नव्हतं, हेही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. खरं सांगते, तुझं उत्तर काहीही असलं तरी मी भोकं मोकळी करणार आहे. पण विचारल्याशिवाय मी आजवर काहीच केलेलं नाही. त्या दिवशी तुझं बोट कोपऱ्यावर होतं का, एवढं शनिवारी संध्याकाळपर्यंत कळव.